काट्यावर अडकलेली ऑटोमॅटिक

गाडी घ्यायची हे उज्ज्वलाने ठरवलं. कोणती घ्यायची हे तिच्या डाव्या पायाने ठरवलं. आणि घेतलेल्या गाडीचं काय करायचं हे मात्र ओतूरच्या त्यांच्या सबंध आळीने ठरवलं. नवरा म्हणून कुंडलिकराव हांडे यांच्याकडे त्यातल्या त्यात राहिलं ते गाडीविषयी बोलणं, आणि ते काम त्यांनी मनापासून केलं.

उज्ज्वला आरोग्यसेविका. तिचं उपकेंद्र पश्चिमेला डोंगरात, जिथं एसटी सकाळी येते आणि परत कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. तिथं ती स्कूटरवर जायची. मागच्या पावसाळ्यात चिखलात स्कूटर घसरली आणि डावा पाय गुडघ्यातून गेला. ऑपरेशन झालं, चालता येऊ लागलं, पण पायात क्लच दाबण्याएवढा जोर काही परत आला नाही. वरून निरोप आला की महिनाअखेरपर्यंत स्वतःची सोय करून उपकेंद्रावर हजर व्हा, नाहीतर तालुक्याला टेबलाचं काम घ्या. टेबलाचं काम म्हणजे औषधांची खोकी मोजायची. वाड्यावस्त्यांवरच्या पोरींची बाळंतपणं ज्या बाईच्या हातून झाली, तिला खोकी मोजायला सांगणं कसं वाटत असेल ते कुंडलिकरावांना दिसत होतं. ती काही बोलली नव्हती. फक्त दोन दिवस भाजीत मीठ पडलं नव्हतं.

म्हणून ही गाडी. जुनी, पण ऑटोमॅटिक. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही.

कुंडलिकराव जुन्नरला एका कार्यालयात वरिष्ठ सहायक. एखादी गोष्ट समजून घ्यायची तर मुळापासून, हा त्यांचा स्वभाव, आणि समजली की समोरच्याला समजावल्याशिवाय सोडायचं नाही, हा त्याहून मोठा स्वभाव. मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघून त्यांनी त्या गिअरबॉक्सचा असा अभ्यास केला की जेवताना वरण वाढलं तरी त्यांना त्यात तेलाचा दाब दिसावा. उज्ज्वलाला त्यांनी पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं. लिव्हर ओढला म्हणजे गिअर पडला असं इथं नसतं. लिव्हर फक्त आपली इच्छा कळवतो. ठरवणारा कॉम्प्युटर आत बसलेला. चाकं किती जोरात फिरतात, पाय पेडलवर किती दाबलाय, तेल किती तापलंय, हे सगळं तारांवरून त्याच्याकडे येतं. मग तो विजेच्या बारक्या झडपांना हुकूम देतो. झडप उघडली की तेल दाबाने आत शिरतं, चकत्यांचा एक गठ्ठा आवळतं, दुसरा सोडतं, आणि गिअर बदलतो. आपल्याला कळतही नाही.

"म्हणजे तारेवरून जे कळलं तेवढंच त्याला खरं," उज्ज्वला म्हणाली.

"तेवढंच," कुंडलिकराव म्हणाले, आणि विद्यार्थिनी हुशार असल्याचं त्यांना समाधान वाटलं.

शेजारचे चांगदेवतात्या मात्र हुशार निघाले नाहीत. तात्यांनी सारी नोकरी एसटी चालवण्यात काढलेली. माळशेज घाटात धुक्यात गिअर टाकताना आवाजावरून इंजिनाचं मन ओळखणारा माणूस. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि जिला गिअर टाकावा लागत नाही तिला गाडी म्हणत नाहीत, पाळणा म्हणतात, असा निकाल दिला. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरलेले नसतात, मध्ये तेलात दोन पंखे समोरासमोर असतात, एक फिरला की तेलाच्या जोराने दुसरा फिरतो, हे त्यांना पटेना. तेव्हा कुंडलिकरावांनी ओट्यावर दोन टेबलफॅन समोरासमोर मांडले. एक चालू केला. दुसरा, ज्याची पिन काढलेली होती, तोही हळूहळू फिरू लागला. आळीतली माणसं जमली होती, त्यांनी माना डोलावल्या. तात्यांनी बराच वेळ बघून विचारलं की मग गाडी वाऱ्यावर चालायची तर पेट्रोल कशाला घालता. कुंडलिकरावांनी पंखे उचलून आत नेले.

दुसरे शेजारी गोकुळशेठ. त्यांचं स्टँडजवळ इलेक्ट्रिकचं दुकान. गोकुळशेठ तत्त्वज्ञानात शिरत नसत, ते थेट वायर कापत. लायसनच्या टेस्टला साहेब आधी गाडीच्या मागं उभा राहतो आणि ब्रेकचा लाल दिवा बघतो, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. जुन्या गाडीचे दिवे मिणमिणते, साहेबाच्या डोळ्यात भरायचे नाहीत. म्हणून त्यांनी डिकीच्या कडेने लाल दिव्यांची झगमगती पट्टी बसवली, ब्रेकच्या वायरला जोडून. ब्रेक दाबला की गाडी मागून लग्नाच्या मांडवासारखी उजळे. शिवाय लिव्हरच्या शेजारी एक छोटं भोक उगीच वाईट दिसतं म्हणून त्यावर मोबाईलचा स्टँड चिकटवून दिला. कसल्या डिंकाने चिकटवला कुणास ठाऊक, पण गोकुळशेठ म्हणाले की गाडी मोडंल, ह्यो न्हाई निघायचा. यातलं दुसरं वाक्य पुढे खरं ठरलं.

गावाबाहेरच्या माळावर फेऱ्या मारून उज्ज्वलाचा हात बसला होता. टेस्टचा कॅम्प मंचरला होता. दुपारपर्यंतच, आणि पुढचा थेट महिन्यानंतर. म्हणजे हा चुकला की खोकी. डॉक्टरांचा दाखला, शिकाऊ लायसन, तीन प्रती, त्या प्रतींच्या प्रती असं सगळं घेऊन दोघं सकाळीच निघाले. चांगदेवतात्या आधीच मागच्या सीटवर बसलेले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण अनुभवी माणूस सोबत असावा असं त्यांचं स्वतःविषयी मत होतं.

गाडी कुंडलिकराव चालवत होते. नारायणगाव गेलं, आणि कळंबच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला बरोबरीने आला. तो गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवून काहीतरी ओरडत होता. काच बंद होती. कुंडलिकरावांना वाटलं पट्टी आवडली. त्यांनी हात उंचावून आभार मानले. मोटारसायकलवाल्याने कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

मंचरच्या तोंडाला ट्रॅफिक तुंबलेलं. ट्रक, ऊसगाड्या, कांद्याचे ट्रॅक्टर, मध्ये एक वऱ्हाडाची बस. गाडी हलेना. उज्ज्वला घड्याळाकडे बघत नव्हती, आणि ती बघत नाही हे कुंडलिकरावांना जास्त टोचत होतं. तात्या पुढे वाकून म्हणाले, "डावीकडं घाल. म्या एसटी घातलीया हितनं." कुंडलिकरावांनी घातली. रस्ता अरुंद होत गेला, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर, मागे कांद्याचा ट्रॅक्टर, दोन्हीकडे भिंती, आणि वळायला जागा नाही. तात्यांनी एसटी घातली तेव्हा तिथं शेत असावं. पुढचा ट्रॅक्टर सरकला तशी गाडी सरकली, आणि सरकत सरकत एका लोखंडी पाट्यावर चढली. समोरच्या खोलीतून एका माणसाने तळहात दाखवून थांबा म्हटलं. कुंडलिकरावांनी शिस्तीत ब्रेक दाबला, लिव्हर पी वर, म्हणजे पार्किंगवर, नेला आणि हात मांडीवर ठेवले.

तो एका खाजगी व्यापाऱ्याचा वजनकाटा होता.

खोलीवरच्या पाटीवर लाल आकडे उमटले. तेराशे वीस किलो. खोलीतल्या माणसाने, त्याचं नाव संपत हे पुढे सगळ्यांना कळलं, कारण सगळे त्याच्याच नावाने ओरडत होते, खिडकीतून डोकं काढून माल काय म्हणून विचारलं. माल नाही, माणसं आहेत, असं कुंडलिकरावांनी सांगितलं. मग उतरवा खाली, संपत म्हणाला, लिलाव सुरू व्हायचाय.

कुंडलिकरावांनी ब्रेक दाबला आणि लिव्हर ओढला. लिव्हर आला नाही.

पुन्हा ओढला. आत कुठं तरी खट्ट व्हायचं, ते झालं नाही. इंजिन चालू होतं, समोरचे दिवे चालू होते, गार हवा येत होती, फक्त लिव्हर पी मध्ये सिमेंट ओतल्यासारखा. त्यांनी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. दोन्ही हातांनी ओढलं. मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला, त्याच्या मागच्याने दिला, आणि मग गल्लीच्या तोंडापर्यंत हॉर्नची रांग लागली. कुंडलिकरावांच्या मानेवरून घामाचा एक ओघळ पाठीत उतरला. मागे पाहण्याची त्यांना हिंमत होईना. बाजूला उज्ज्वला कागदांची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

आपल्याकडे गाडी अडली की तिच्यावर एकच उपाय. चार हमाल आले, मग सहा, आणि कुणी सांगायच्या आत धक्का सुरू झाला. कुंडलिकरावांनी खिडकीतून डोकं काढून त्यांना समजावलं की पी मध्ये असताना गिअरबॉक्सच्या आत दातेरी चाकात एक लोखंडी खिट्टी अडकलेली असते, त्यामुळे चाकंच बांधलेली, धक्क्याने उपयोग नाही. हमालांनी हे ऐकून घेतलं आणि आणखी जोर लावला. गाडी स्प्रिंगांवर डुलली. पाटीवरचे आकडे नऊशे, सोळाशे, अकराशे असे नाचू लागले. संपत काट्याबाहेर धावत आला. काटा बिघडला तर आज एकाही गाडीचं वजन होणार नाही, असं तो म्हणाला, आणि ते ऐकून ट्रॅक्टरवाले खाली उतरले. आतापर्यंत ते नुसते वैतागलेले होते. आता ते गप्प झाले, आणि गप्प माणसं जास्त भीतिदायक.

तात्या खाली उतरून जमावाला सांगत होते की मी आधीच म्हटलं व्हतं, ही गाडी न्हाई, पाळणा हाये. आपल्याच मागच्या सीटवर बसून आलेल्या माणसाने ऐन वेळी पक्ष बदलावा, याचं कुंडलिकरावांना फार लागलं.

मग त्यांना आठवलं. असल्या वेळेसाठी लिव्हरच्या शेजारी एक भोक ठेवलेलं असतं. त्यात स्क्रूड्रायव्हर दाबला की कुलूप सुटतं. व्हिडिओत स्पष्ट दाखवलं होतं. ते उत्साहाने वाकले, आणि भोकाच्या जागी त्यांना मोबाईलचा स्टँड दिसला. ओढला. हलवला. एका हमालाने कांद्याची गोणी कापायची सुरी दिली, तिने खरवडलं, सुरीचं टोक मोडलं, स्टँड तसाच. त्यांनी गोकुळशेठना फोन लावला. गोकुळशेठ म्हणाले, बघा, किती पक्का बसवलाय, आणि दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून फोन ठेवला.

आता बॅटरीची तार काढून लावायची, म्हणजे कॉम्प्युटर सगळं विसरतो, असं कुंडलिकरावांनी जाहीर केलं. तार काढली, जमाव श्वास रोखून बघत राहिला, तार लावली. कॉम्प्युटर सगळं विसरला. घड्याळात बारा वाजलेले दिसू लागले, रेडिओ एकदम मोठ्याने एका तेलाची जाहिरात करू लागला, आणि लिव्हर होता तिथंच राहिला. कुणीतरी हसलं. मागून कुणी तरी म्हणालं की गाडी उचलून भिंतीला लावू. आणि खरंच काही माणसं बाह्या सावरून पुढे आली.

कुंडलिकरावांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी मुद्दाम पाहिलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ती कागदांची पिशवी पायाशी ठेवत होती, जणू आता तिचं काम संपलं.

त्याच वेळी मागच्या ट्रॉलीत कांद्यावर बसलेली एक म्हातारी, धोंडाबाई, वरूनच बोलली. ती मघापासून सगळं बघत होती आणि तिला उन्हाचा त्रास होत होता.

"ए दादा, तू बिरीक दाबतूस का नुसताच हलतूस? मागं लाल दिवा कसा लागंना तुझा?"

कुंडलिकरावांनी दुर्लक्ष केलं. दिव्याचा इथं काही संबंध नव्हता. पण उज्ज्वला ताठ बसली.

"अहो, ब्रेक दाबा बरं," ती म्हणाली, आणि दार उघडून पाय ओढत मागे गेली. "दाबला?"

"दाबलाय."

"दिवा नाही. पट्टीही नाही. एकही नाही." ती खिडकीपाशी आली. "तो मोटारसायकलवाला हेच सांगत होता. तुम्ही त्याला टाटा केलात."

"अगं पण ब्रेक लागतोय. पायाला कळतंय ना."

"तुमच्या पायाला कळतंय. त्याला कुठं कळतंय? त्याला तारेवरून कळतं तेवढंच खरं. तुम्हीच सांगितलं."

 कुंडलिकरावांच्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं, आणि बसताना बरंच लागलं. ब्रेक दाबल्याची खात्री झाल्याशिवाय कॉम्प्युटर पी चं कुलूप सोडत नाही, हे त्यांनी आळीतल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. ती खात्री त्याला मिळते लाल दिव्याच्याच तारेवरून. तार मेली, तर माणूस ब्रेकवर उभा राहिला तरी त्याच्या लेखी कुणी ब्रेक दाबलेलाच नाही.

उज्ज्वला तोवर डिकीशी पोहोचली होती. पट्टीची वायर डिकीच्या झाकणात चेंगरून सोलली होती आणि उघडी तांब्याची तार पत्र्याला चिकटली होती. तिने एका झटक्यात पट्टी उपटून काढली. तिच्या उपकेंद्रातला लसींचा फ्रीज महिन्यातून दोनदा बंद पडायचा, आणि वायरमन येईपर्यंत लसी थांबत नसत. ती म्हणाली, शॉर्ट झालं म्हणजे फ्यूज उडालाय, फ्यूज कुठं असतात?

हे मात्र कुंडलिकरावांना ठाऊक होतं. स्टेअरिंगच्या खाली डावीकडे, दुसऱ्या ओळीत. व्हिडिओ पाहून त्यांनी ते पाठच केलं होतं. ते गाडीत उताणे पडले, डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर, आणि सरकारी नोकराला कुणी ज्या अवस्थेत पाहू नये तसे ते साऱ्या बाजारासमोर दिसू लागले. फ्यूज निघाला. आतली तार काळी पडून तुटलेली. जादा फ्यूज नव्हता. मोबाईल चार्ज करायच्या सॉकेटचा फ्यूज त्याच रंगाचा, त्याच आकड्याचा. तो काढून इथं बसवताना एकदा हातातून निसटला आणि सीटच्या खाली गेला. गाडी उचलायला आलेल्या माणसांनी तेवढ्यात तिला हात घातले होते. उज्ज्वला त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये उभी राहिली आणि बाळंतिणीच्या नातेवाइकांशी बोलावं त्या आवाजात म्हणाली, "थोडं थांबा. होतंय."

माणसं थांबली.

फ्यूज सापडला, बसला. कुंडलिकरावांनी ब्रेक दाबला. लिव्हरच्या पोटात खट्ट झालं. वरून धोंडाबाई म्हणाली, "लागला गं बाई दिवा."

गाडी काट्यावरून उतरली. पाटीवर शून्य आलं. संपतने खिडकी आपटून लावली, तेवढा एकच समारोप.

कॅम्पवर पोहोचले तेव्हा टेबलं आवरायला लागली होती. इन्स्पेक्टर बाई पाणी पीत होत्या. उशीर का झाला हे कुंडलिकराव काट्यापासून सांगू लागले, तेव्हा बाईंनी हात वर करून उमेदवार कोण ते विचारलं. मग दाखला वाचला, पायाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि ही शेवटची म्हणून शेजारी जाऊन बसल्या. नवऱ्याने बाहेर थांबायचं.

कुंडलिकराव बाहेर थांबले. मैदानाच्या टोकाला एक चढ होता. तिथं गाडी थांबवायला लावली हे त्यांना दिसलं. आता ब्रेक सोडून निघायचं, मागे न घसरता. त्यांचा उजवा पाय आपोआप मातीत दाबला गेला. आयुष्यभर चढावर एसटी धरून ठेवलेल्या तात्यांचा हात हवेतच, नसलेल्या हँडब्रेककडे गेला. गाडी तसूभर हलली नाही. लाल दिवे लागले होते. मग ते विझले, आणि गाडी दुधावरची साय सरकावी तशी वर गेली.

"लई सरळ गेली," तात्या खालच्या आवाजात म्हणाले. 

खाली आल्यावर बाईंनी काच खाली केली आणि उज्ज्वलाला विचारलं, "डावा पाय काय करतो गाडीत?"

"काही नाही मॅडम," उज्ज्वला म्हणाली. "त्याने आजवर पुष्कळ केलंय."

बाईंनी सही केली.

परतताना उज्ज्वलाने स्टेअरिंग सोडलं नाही. भर रस्त्यावर कुंडलिकराव पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसले. तिथं पायाखाली पेडल नव्हतं, फक्त रबरी पायपुसणं. मंचरच्या चौकात समोरून ट्रक आला तेव्हा त्यांनी वरची दांडी धरली आणि तिने गाडी अशी बाजूने काढली की ट्रकवाल्याला हॉर्नही द्यावा लागला नाही. ती त्यांना काही विचारत नव्हती. आता वळू का, आता थांबू का, काहीच नाही. तिचे ओठ किंचित हलत होते. बहुतेक उद्या कुठल्या वाडीवर आधी जायचं ते ती ठरवत होती.

कळंब मागे पडलं. रस्ता मोकळा झाला, गाडीने वेग घेतला. कुंडलिकरावांना राहवेना. "आता बघ," ते म्हणाले, "आत्ता तिसऱ्यातला गठ्ठा सुटला आणि चौथ्यातला..."

"अहो," उज्ज्वला म्हणाली, नजर रस्त्यावर ठेवून, "त्याचं त्याला कळतंय. माझं मला कळतंय. तुम्ही जरा बाहेर बघा."

कुंडलिकराव बाहेर बघू लागले. दोन्ही बाजूंनी कांद्याची हिरवी शेतं पळत होती आणि त्यांच्या पलीकडे डोंगर होते.